गावातला डेस्कटॉप सारखा अडकतो : सुटे भाग बदलण्याआधी काय तपासावे?

पैनगंगा

नमस्कार. पांढरकवडा तालुक्यातील एका गावात मी दाखले, सातबारा, शिष्यवृत्तीचे अर्ज आणि पीएम किसानची ई-केवायसी ही कामे करून देणारे सेवा केंद्र चालवते. केंद्रातला डेस्कटॉप चौथ्या पिढीच्या आय-थ्री प्रोसेसरचा असून त्यात ४ जीबी रॅम, ५०० जीबीची हार्ड डिस्क आणि विंडोज १० आहे. पावसाळ्यापासून तो मंद होत गेला आणि दिवाळीनंतर तर त्याच्यावर काम करणे कठीण झाले आहे. ब्राउझरमध्ये अर्जाचे पान आणि शेजारी एखादी पीडीएफ उघडली की माउसचा बाण जागीच थांबतो, कॅबिनेटवरचा लाल दिवा न मिचकता पेटून राहतो आणि एक-दोन मिनिटांनी सगळे पुन्हा चालू होते. कधी कधी मात्र ते चालू होतच नाही. बटण दाबून धरून बंद करावे लागते आणि अर्ध्यावर आलेला अर्ज ओटीपीसकट वाया जातो. समोर बसलेला माणूस दिवसाची मजुरी बुडवून आलेला असतो, त्याला उद्या या म्हणून सांगणे मला फार जड जाते.

तालुक्याच्या ठिकाणी विचारले तेव्हा एकाने फॉरमॅट मारा म्हटले, दुसऱ्याने रॅम वाढवा म्हटले आणि तिसऱ्याने नवीनच घ्या असे सांगितले. तिघांपैकी कोणीही मशीन उघडून पाहिले नव्हते. पैसे खर्च करण्यापूर्वी दोष नेमका कोठे आहे हे मला स्वतःला कसे तपासता येईल, एवढाच माझा प्रश्न आहे.

रानपाखरू

सी ड्राइव्ह फॉरमॅट करून विंडोज नव्याने टाका. आमच्या पतसंस्थेतील संगणक असाच अडकत होता, तो फॉरमॅट केल्यानंतर व्यवस्थित चालू लागला.

सातपुडा

रानपाखरू, फॉरमॅटने बरी होणारी दुखणीही असतात, परंतु ताईंच्या वर्णनातली एक खूण अशी आहे की या क्षणी फॉरमॅट करणे मला धोक्याचे वाटते. तो लाल दिवा हार्ड डिस्कच्या कामाचा असतो; तो न मिचकता पेटून राहतो आणि त्याच वेळी माउस थांबतो, याचा अर्थ बहुधा असा की प्रोसेसर मोकळाच बसलेला आहे आणि हार्ड डिस्ककडून उत्तर येण्याची वाट पाहतो आहे. डिस्क उत्तर का देत नाही, याची दोन कारणे संभवतात. एक तर रॅम अपुरी पडत असल्यामुळे विंडोज रॅममधला मजकूर सतत डिस्कवर उतरवून ठेवत आणि परत वाचत असेल. किंवा डिस्कच्या तबकडीवरचे काही सेक्टर, म्हणजे मजकूर साठवण्याचे लहान कप्पे, खराब झाल्यामुळे ती तोच तुकडा पुन्हा पुन्हा वाचण्याचा प्रयत्न करीत असेल. पहिले कारण असेल तर घाई नाही. दुसरे असेल तर फॉरमॅट करणे म्हणजे शेवटच्या घटका मोजणाऱ्या डिस्कवर आणखी कित्येक जीबी मजकूर लिहायला लावणे होय, आणि त्यात जुनी कागदपत्रे कायमची जाऊ शकतात.

म्हणून सर्वांत आधी, आजच, तुमची कामाची कागदपत्रे बाहेरच्या डिस्कवर उतरवून घ्या. त्यानंतर तपासणी करा.

कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप ही बटणे एकत्र दाबली की टास्क मॅनेजर उघडतो. त्यातल्या ‘परफॉर्मन्स’ भागात डिस्क निवडून ती खिडकी काम सुरू करण्याआधीच उघडी ठेवा, कारण मशीन अडकल्यावर ती उघडणारच नाही. अडकण्याच्या वेळी तीन आकडे पाहा : डिस्क किती टक्के व्यस्त आहे, वाचन-लेखनाचा वेग किती आहे आणि सरासरी प्रतिसादाचा काळ किती मिलिसेकंद आहे. व्यस्तता १०० टक्के, वेग जेमतेम काही केबी आणि प्रतिसाद हजारो मिलिसेकंद असेल तर डिस्कवरचा संशय बळावतो. व्यस्तता १०० टक्केच पण वेग काही एमबी, आणि ‘मेमरी’च्या पानावर रॅम ९० टक्क्यांच्या वर भरलेली, असे दिसले तर रॅमची टंचाई समजावी.

दुसरी जागा म्हणजे इव्हेंट व्ह्यूअर, विंडोजने स्वतः ठेवलेल्या घडामोडींच्या नोंदी दाखवणारा प्रोग्राम. त्यातल्या विंडोज लॉग्जमधील ‘सिस्टिम’ या नोंदवहीत ७, १२९ किंवा १५३ क्रमांकाच्या नोंदी शोधा. क्रमांक ७ हा खराब ब्लॉक सांगतो. १५३ म्हणजे डिस्कला केलेली मागणी पुन्हा करावी लागली. १२९ म्हणजे उत्तर न आल्याने डिस्कशी असलेला दुवा नव्याने सुरू करावा लागला. ४१ क्रमांकाची लाल नोंद तुम्हाला हमखास दिसेल, परंतु ती पाहून घाबरू नका. मशीन रीतसर बंद झाले नव्हते एवढेच ती सांगते, कारण सांगत नाही.

तिसरी जागा डिस्कची स्वतःची नोंद. क्रिस्टलडिस्कइन्फो हे मोफत साधन ती वाचून दाखवते. त्यात ०५, सी५ आणि सी६ या ओळींसमोरचे मूळ आकडे शून्य असावेत. ०५ म्हणजे बदलून टाकलेले सेक्टर, सी५ म्हणजे वाचता न आल्याने निर्णयासाठी थांबलेले सेक्टर आणि सी६ म्हणजे दुरुस्त न होणारे. सी७ वाढत असेल तर मात्र दोष डिस्कपेक्षा ती मदरबोर्डला जोडणाऱ्या साटा केबलचा असण्याची शक्यता अधिक असते, आणि केबल बदलण्यास फारच थोडे पैसे लागतात.

पैनगंगा

एवढे सविस्तर लिहिल्याबद्दल मनापासून आभार. कागदपत्रे उतरवणे सुरू केले आहे. एक शंका आहे. दुकानदाराने चेकडिस्क चालवायला आणि डिफ्रॅग करायला सांगितले होते. ते आधी करावे का?

सातपुडा

आत्ता दोन्ही करू नका. डिस्कची नोंद वाचण्याने तिच्यावर काहीच ताण येत नाही, परंतु चेकडिस्कची खराब सेक्टर शोधणारी तपासणी संपूर्ण पृष्ठभाग वाचते आणि डिफ्रॅग तर असंख्य तुकडे इकडून तिकडे हलवते. दुबळ्या डिस्कला हे झेपत नाही. कागदपत्रे दुसरीकडे सुरक्षित पोहोचल्यावर हवी तेवढी तपासणी करा.

गुरुजी_मेळघाट

डिस्कची बाजू सातपुडा यांनी मांडलीच आहे, म्हणून मी शाळेतल्या संगणक कक्षाचा अनुभव सांगतो. आमच्याकडची मशिने मंद होण्याचे पहिले कारण दोन-दोन अँटिव्हायरस हे निघाले. एक कोणी सीडीवरून टाकलेला, दुसरा कोणत्या तरी मोफत प्रोग्रामबरोबर आपोआप आलेला. प्रत्येक फाइल उघडताना दोघेही तिची झडती घेत आणि एकमेकांच्या कामात अडथळा आणत. एक काढून टाकल्यावर बराच फरक पडला. विंडोजमध्ये डिफेंडर असतोच; बाहेरचा अँटिव्हायरस टाकला की तो बाजूला होतो, पण बाहेरचे दोन टाकले तर त्यांच्यात समेट करायला कोणी नसते.

दुसरे कारण पेन ड्राइव्ह. गावात एकच पेन ड्राइव्ह झेरॉक्सच्या दुकानातून शाळेत, शाळेतून ग्रामपंचायतीत आणि तिथून सेवा केंद्रात फिरतो. ताईंकडे दिवसभर लोकांचे पेन ड्राइव्ह लागत असणार, तेव्हा डिफेंडरची ‘ऑफलाइन स्कॅन’ ही तपासणी एकदा जरूर करावी. ती विंडोज पूर्ण सुरू होण्याआधी चालत असल्यामुळे लपून बसलेले प्रोग्राम त्यात सापडण्याची शक्यता वाढते. विंडोज फुकटात सक्रिय करून देणारे जे प्रोग्राम असतात, त्यांच्याबरोबर आपल्या मशीनवर इतरांसाठी क्रिप्टो म्हणजे आभासी नाणी खणणारे प्रोग्रामही येतात. काही उघडलेले नसताना प्रोसेसर ७०-८० टक्के व्यस्त दिसला तर हा संशय घ्यावा.

तिसरी गोष्ट अगदी साधी आहे. विंडोज १० मध्ये ‘शट डाउन’ केल्यावर मशीन पूर्णपणे कोरे होत नाही. फास्ट स्टार्टअपमुळे आतल्या गाभ्याची स्थिती डिस्कवर जपून ठेवली जाते आणि दुसऱ्या दिवशी तीच परत उचलली जाते. आठवड्यातून एक-दोनदा ‘रीस्टार्ट’ केले तर सगळे खरोखर नव्याने सुरू होते.

सरकी

मी हिंगणघाटचा. आमच्याकडे हंगामात जिनिंग, म्हणजे कापसातून सरकी वेगळी करणे, सुरू झाले की हवेत रुईचा बारीक तंतू तरंगत असतो. तो डोळ्यांना दिसत नाही, परंतु प्रोसेसरवरच्या पंख्याखाली जो ॲल्युमिनियमचा जाळीदार भाग असतो त्याच्या फटींमध्ये तो नमद्यासारखा घट्ट बसतो. वरून पाहिले तर पंखा फिरतच असतो, त्यामुळे कोणाला शंका येत नाही. पंखा काढला की खाली रुईची गादी सापडते. हवा आत जात नाही, प्रोसेसर तापतो आणि इंटेलचे बहुतेक प्रोसेसर साधारण १०० अंश सेल्सिअसजवळ पोहोचले की स्वतःला वाचवण्यासाठी वेग कमी करतात. नंतरही तापले तर मशीन बंद पडते.

ताईंच्या गावाजवळ जिनिंग असेल तर कॅबिनेट उघडून पंखा काढावा, मऊ ब्रशने आणि ब्लोअरने फटी मोकळ्या कराव्यात, जुनी वाळलेली थर्मल पेस्ट पुसून नवी लावावी. ब्लोअर मारताना पंख्याचे पाते बोटाने धरून ठेवावे. बाजूची झाकणी उघडी ठेवून मशीन चालवण्याची पद्धत आपल्याकडे फार आहे, ती सोडावी. त्याने धूळ आणखी जाते.

उन्हाळ्याबद्दलही लिहितो, कारण विदर्भात तो विषय टाळता येत नाही. पारा ४५ अंशांवर गेला की टिनाच्या छपराखालच्या खोलीत लोक कूलरची हवा थेट मशीनवर सोडतात. कूलरची हवा दमट असते आणि तिच्याबरोबर पाण्यातला क्षारही येतो. रॅमच्या सोनेरी पट्ट्यांवर त्यामुळे थर चढतो आणि मग रॅमचा संपर्क मधूनमधून तुटतो. वीज पूर्ण बंद करून रॅम काढावी, पट्ट्या कोऱ्या खोडरबराने हलक्या हाताने पुसाव्यात आणि कुठे कचरा न ठेवता परत घट्ट बसवावी. पुष्कळ मशिने एवढ्याने सुधारतात.

सातपुडा

सरकी यांच्याशी सफाईबाबत मी पूर्ण सहमत आहे, पण ताईंचा त्रास पावसाळ्यात सुरू होऊन थंडीत वाढला. उष्णतेचे दुखणे याच्या उलट वागते. तापलेला प्रोसेसर मशीन सलगपणे मंद करतो, मिनिटभर पूर्ण थांबवून मग सोडून देत नाही. शिवाय त्यात डिस्कचा दिवा पेटून राहण्याचे कारण नाही. सफाई करावीच, परंतु ती झाली म्हणून तपास संपला असे मानू नये.

धानपट्टा

भंडारा जिल्ह्यातून लिहितो आहे. विंडोज १० चा नियमित पाठिंबा १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला आणि चौथ्या पिढीच्या आय-थ्रीवर विंडोज ११ अधिकृतपणे चालत नाही, कारण त्याला इंटेलचा आठव्या पिढीचा किंवा त्यापुढचा प्रोसेसर आणि टीपीएम २.० ही सुरक्षेची चिप लागते. अशा मशीनला विंडोजऐवजी लिनक्स मिंट या मोफत ऑपरेटिंग सिस्टिमची एक्सएफसीई ही हलकी आवृत्ती टाकावी. ४ जीबी रॅममध्ये ती सुखाने चालते, पेन ड्राइव्हवरच्या विषाणूंचाही त्रास राहत नाही. मी घरच्या दोन्ही मशिनांवर तीच वापरतो.

पैनगंगा

धानपट्टा दादा, सूचना चांगली आहे, पण माझ्या केंद्रातले बोटांचे ठसे घेणारे यंत्र आणि डिजिटल सहीचे डोंगल यांच्याबरोबर मिळालेली सॉफ्टवेअरे फक्त विंडोजची आहेत. ती चालली नाहीत तर केंद्रच बंद पडेल.

गुरुजी_मेळघाट

लिनक्स कायमचे टाकता येत नसले तरी तपासणीसाठी ते फार उपयोगी आहे. मिंट पेन ड्राइव्हवर तयार करून, हार्ड डिस्कवर काहीही न टाकता थेट पेन ड्राइव्हवरून सुरू करता येते. तसे सुरू करून तासभर ब्राउझर वापरून पाहावा. त्यातही मशीन अडकले तर दोष विंडोजचा नाही हे निश्चित होते. त्यात सुरळीत चालले तर संशय डिस्कवर आणि विंडोजवर येऊन थांबतो. पेन ड्राइव्हवरून सुरू होण्यास वेळ लागतो, त्यास मंदपणा समजू नये.

पैनगंगा

सांगितल्याप्रमाणे केले. टास्क मॅनेजर उघडा ठेवला होता. अडकण्याच्या वेळी डिस्क १०० टक्के, वेग शेकड्यांतल्या केबीचा आणि प्रतिसाद कित्येक हजार मिलिसेकंद दिसला. त्या वेळी रॅम भरलेली होती, पण पूर्ण नव्हे. इव्हेंट व्ह्यूअरमध्ये ७ आणि १५३ या क्रमांकांच्या नोंदींची रांग आहे, आणि त्यांच्या वेळा माझ्या वहीत लिहिलेल्या अडकण्याच्या वेळांशी जुळतात. क्रिस्टलडिस्कइन्फोने पिवळा रंग दाखवला. ०५ आणि सी५ या दोन्ही ओळींत आकडे आहेत, सी७ शून्य आहे. पेन ड्राइव्हवरच्या मिंटमध्ये मशीन मंद असले तरी अडकले नाही.

कागदपत्रे उतरली आहेत. दोन जुन्या फोल्डरांतल्या काही फाइली वाचल्या जात नाहीत.

सातपुडा

मग डिस्कचा दोष निश्चित झाला. ज्या फाइली वाचल्या जात नाहीत त्या अत्यावश्यक असतील तर लिनक्समधले डीडीरेस्क्यू हे साधन वापरावे. ते आधी चांगले भाग उचलून घेते, अडणारे भाग शेवटी ठेवते आणि कुठपर्यंत आलो याची नोंद ठेवते, त्यामुळे मध्येच वीज गेली तरी पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करावी लागत नाही.

नवी डिस्क म्हणून साटा प्रकारची २४० किंवा २५६ जीबीची एसएसडी, म्हणजे फिरती तबकडी नसलेली वेगवान डिस्क, घ्या. एम-डॉट-टू प्रकारची घेऊ नका. तुमच्या पिढीच्या साध्या मदरबोर्डांवर तिची जागा बहुतेक नसते. तुमचा मदरबोर्ड एच-८१ चिपसेटचा असेल तर त्यावर साटाची चार भोके असतात, त्यांपैकी दोन ६ गिगाबिटची आणि दोन ३ गिगाबिटची. एसएसडी ६ गिगाबिटच्या भोकात लावा. भोकाचा क्रमांक मदरबोर्डवर छापलेला असतो. बायोसमध्ये, म्हणजे मशीन सुरू होताना उघडता येणाऱ्या मदरबोर्डच्या सेटिंगमध्ये, साटाची पद्धत ‘एएचसीआय’ असल्याची खात्री विंडोज टाकण्यापूर्वीच करून घ्या. जुन्या डिस्कवरून हुबेहूब नक्कल करण्याऐवजी विंडोज नव्याने टाकावी, कारण खराब सेक्टरांमुळे बिघडलेल्या सिस्टिम फाइलीही नक्कल होऊन येतात.

रॅमही ८ जीबी करावी, परंतु एसएसडीनंतर. बोर्डावर रॅमची दुसरी खाच रिकामी असेल तर डीडीआर-३ प्रकारची आणखी एक ४ जीबी पट्टी पुरेल.

रानपाखरू

म्हणजे शेवटी विंडोज नव्याने टाकावीच लागली.

सातपुडा

हो, ती नव्या डिस्कवर टाकायची. जुन्यावर टाकली असती तर काही आठवडे बरे वाटले असते आणि कागदपत्रे गेली असती.

निंबोणी

विषयाला धरूनच एक कळकळीची विनंती. जुनी डिस्क दुकानात देऊ नका आणि भंगारातही टाकू नका. सेवा केंद्राच्या डिस्कवर गावातल्या शेकडो लोकांची आधार कार्डे, बँक पासबुके, जातीचे दाखले आणि फोटो असतात. फाइल पुसली म्हणजे ती गेली असे होत नाही. तिची जागा रिकामी आहे असे फक्त लिहिले जाते आणि मजकूर परत काढता येतो. डिस्क अजून चालत असेल तर संपूर्ण पृष्ठभागावर शून्ये लिहिणारे साधन वापरावे, चालत नसेल तर ती उघडून तबकड्यांना ड्रिलने छिद्रे पाडावीत. नव्या एसएसडीवरही काम झाल्यावर लोकांच्या प्रती ठेवू नयेत. माझ्या आईच्या कागदपत्रांच्या प्रती एका केंद्रात वर्षानुवर्षे ‘डेस्कटॉप’वर पडून होत्या आणि येणारा-जाणारा प्रत्येक जण त्या पाहू शकत होता, म्हणून हे आग्रहाने लिहिते आहे.

पैनगंगा

निंबोणीताई, अगदी योग्य लिहिलेत. जुनी डिस्क माझ्याच कपाटात कुलपात आहे, तिच्यातले राहिलेले काढून झाले की छिद्रे पाडून घेईन.

एसएसडी बसवली, विंडोज नव्याने टाकली, ठशांच्या यंत्राचे आणि डोंगलचे ड्रायव्हर घातले. मशीन आता क्षणात सुरू होते आणि दिवा पेटून राहण्याचा प्रकार पूर्ण थांबला आहे. सफाईही केली, सरकीदादांनी लिहिल्याप्रमाणे पंख्याखाली रुईचा थर निघालाच.

मात्र दुसरा त्रास राहिला आहे. जे पूर्ण गोठणे मी पहिल्यांदा सांगितले होते, ते अजूनही होते. चित्र जसेच्या तसे राहते, आवाज असेल तर तो एकाच सुरात अडकतो, कीबोर्डवरचा नमलॉकचा दिवाही बदलत नाही. इव्हेंट व्ह्यूअरमध्ये फक्त ४१ दिसतो, डिस्कची एकही नोंद नाही. वहीतल्या वेळा पाहिल्या तर हे बहुतेक सकाळी अकरा ते दुपारी चार या वेळात होते, आणि त्याच्या आगेमागे यूपीएसमधून टिक-टिक आवाज येतो. रविवारी पहाटे आणि रात्री मी बराच वेळ काम केले, तेव्हा काही झाले नाही.

वायरमन_वाशीम

ताई, तुमच्या शेवटच्या दोन वाक्यांत उत्तर दडलेले आहे. गहू-हरभऱ्याला पाणी देण्याचे हे दिवस आहेत. दिवसा शेतीला थ्री फेज सुरू झाला की त्या डीपीवरचे (ट्रान्सफॉर्मरवरचे) सगळे पंप एकदम चालू होतात, आणि गावठाणाची वीज त्याच डीपीवरून येत असेल तर घरातला दाब खाली येतो. टिक-टिक आवाज यूपीएसमधल्या रिलेचा, म्हणजे आपोआप बदलणाऱ्या विजेच्या कळेचा आहे. दाब कमी झाला की यूपीएस तो वाढवून देण्यासाठी रिले बदलते, आणि फारच कमी झाला की बॅटरीवर जाते.

मल्टीमीटरने प्लगमधला दाब पहाटे एकदा आणि दुपारी पंप चालू असताना एकदा मोजा. २३० व्होल्टच्या खाली-वर ६ टक्के, म्हणजे साधारण २१६ ते २४४ व्होल्ट, ही योग्य मर्यादा. त्यानंतर न्यूट्रल आणि अर्थिंग यांच्यामधला दाब मोजा. तो शक्यतो दोन-तीन व्होल्टच्या आत असावा. कॅबिनेटच्या पत्र्याला हात लावल्यावर मुंग्या आल्यासारखे होत असेल तर अर्थिंग नाही असे समजा. मीटर हाताळण्याची सवय नसेल तर गावातल्या वायरमनकडून मोजून घ्या.

यूपीएसची चाचणी अशी करावी : सगळ्या फाइली बंद करून, मशीन चालू ठेवून यूपीएसचा प्लग भिंतीतून काढावा. मशीन लगेच बंद पडले किंवा गोठले तर बॅटरी संपलेली आहे. लहान यूपीएसमधली १२ व्होल्ट ७ अँपिअर-तासाची बॅटरी साधारण दोन-तीन वर्षे टिकते, आपल्या उन्हाळ्यात त्याहूनही कमी.

सरकी

वायरमनदादा, आमच्या गल्लीत दुपारी १८० व्होल्टच असतात आणि सगळ्यांचे संगणक चालतात. चांगला एसएमपीएस, म्हणजे कॅबिनेटमधला वीज पुरवणारा डबा, कमी दाबावरही चालतो असे मी ऐकले आहे.

वायरमन_वाशीम

चांगला आणि नवा असेल तर चालतो, हे खरेच आहे. परंतु दाब कमी झाला की तेवढ्याच कामासाठी एसएमपीएस जास्त प्रवाह ओढतो आणि जास्त तापतो. आतले वीज क्षणभर साठवून धरणारे कपॅसिटर उष्णतेने वाळत जातात. वाळलेल्या कपॅसिटरचा एसएमपीएस यूपीएसच्या बदलाबदलीच्या काही मिलिसेकंदांच्या खंडात मशीनला सांभाळून धरू शकत नाही. एसएमपीएसमधून मशीनला मिळणारी १२ व्होल्टची ओळ क्षणभर घसरते आणि मशीन एक तर रीस्टार्ट होते किंवा गोठते. १२ व्होल्टची ओळ ११.४ ते १२.६ मध्ये राहायला हवी. बायोसमध्ये हा आकडा दिसतो, पण क्षणभराची घसरण त्यात दिसत नाही. म्हणून खात्रीचा मार्ग एकच : कोणाचा तरी चांगला एसएमपीएस काही दिवसांसाठी मागून आणून लावून पाहावा.

एसएमपीएस मात्र कोणीही घरी उघडू नये. त्यातल्या मोठ्या कपॅसिटरवर ३०० व्होल्टांहून अधिक दाब असतो आणि प्लग काढल्यावरही तो काही काळ टिकून राहतो.

गावासाठीही एक गोष्ट लिहितो. पंपांना योग्य क्षमतेचे कपॅसिटर बसवले तर तोच पंप कमी प्रवाह ओढतो आणि सगळ्या डीपीवरचा दाब सुधारतो. पुष्कळ शेतकरी ते काढून टाकतात किंवा जळाले तर बदलत नाहीत. डीपीवर भार जास्त असेल तर वीज कार्यालयात सगळ्यांनी मिळून लेखी अर्ज द्यावा आणि मोजलेले आकडे वेळेसकट त्याला जोडावेत.

पैनगंगा

गावातल्या वायरमनभाऊंनी मोजून दिले. पहाटे २३२ व्होल्ट, दुपारी पंप चालू असताना १७० ते १८० च्या दरम्यान. न्यूट्रल आणि अर्थिंग यांच्यात २० व्होल्टांहून जास्त निघाले. अर्थिंगची तार भिंतीमागे एका लोखंडी खुंटीला गुंडाळलेली होती आणि आजूबाजूची काळी माती वाळून भेगाळलेली होती. यूपीएसचा प्लग काढताच मशीन बंद पडले.

बॅटरी बदलली. आमच्या गावातल्या शाळेच्या गुरुजींकडून एसएमपीएस मागून आणून लावला आणि पंपांच्या वेळातच काम केले, तेव्हा गोठणे थांबले. जुना परत लावल्यावर दुपारी पुन्हा गोठले. म्हणून नवीन एसएमपीएस घेतला. अर्थिंगसाठी खड्डा खणून कोळसा आणि मीठ घालून नवी नळी पुरून घेतली आहे. आता न्यूट्रल आणि अर्थिंग यांच्यातला दाब दोन व्होल्टांच्या आत आला. कॅबिनेटला हात लावल्यावर येणाऱ्या मुंग्याही गेल्या. त्या मुंग्या मी पंख्याची थरथर समजत होते.

रॅमची दुसरी पट्टी पुढच्या महिन्यात घेणार आहे. डीपीवरच्या शेतकऱ्यांशी कपॅसिटरबद्दल बोलणे झाले आणि वीज कार्यालयासाठी अर्ज तयार केला आहे. त्यावर सह्या घेणे चालू आहे.

वायरमन_वाशीम

फार छान झाले. उन्हाळ्यात त्या अर्थिंगच्या खड्ड्यात आठवड्यातून एकदा बादलीभर पाणी टाकत जा. काळी माती वाळली की आकसते, नळीपासून सुटते आणि अर्थिंग असून नसल्यासारखे होते.

धानपट्टा

मशीन सुधारले याचा आनंद आहे. पण विंडोज १० चा प्रश्न तसाच राहिला ना? नव्याने विंडोज टाकली तीही १० च. लोकांचे आधार क्रमांक ज्या मशीनवर रोज हाताळले जातात, त्यावर सुरक्षेचे अपडेट न येणे मला योग्य वाटत नाही.

सातपुडा

धानपट्टा यांची चिंता रास्त आहे. ताई, तुमच्या विंडोज १० ची आवृत्ती २२-एच-२ आहे का ते आधी पाहा. ती असेल तर मायक्रोसॉफ्टने वैयक्तिक वापराच्या मशिनांसाठी सुरक्षा अपडेट १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत वाढवून दिलेले आहेत. सेटिंग्जमधल्या ‘विंडोज अपडेट’च्या पानावर त्यासाठीच्या नोंदणीचा दुवा दिसतो. संस्थांच्या आणि व्यवसायाच्या मशिनांसाठी ही मुदतवाढ वेगळी आणि विकत असते, तेव्हा तुमचे केंद्र कशात बसते ते अटी वाचून ठरवा. अटी न पाळता विंडोज ११ बळेच टाकण्याच्या युक्त्या इंटरनेटवर मिळतात. अशा मशिनांना पुढचे अपडेट मिळत राहतील याची हमी मायक्रोसॉफ्ट देत नाही, म्हणून सेवा केंद्राच्या मशीनवर ते करू नये. मशीन बदलण्याची वेळ आली की आठव्या पिढीचे किंवा त्यापुढचे, टीपीएम २.० असलेले जुने कार्यालयीन डेस्कटॉप पाहा. तुमची एसएसडी आणि नवी बॅटरी घातलेले यूपीएस त्यालाही चालेल. रॅम मात्र चालणार नाही, कारण त्या पिढीला डीडीआर-४ लागते. पुढच्या महिन्यात डीडीआर-३ ची पट्टी घेताना हे लक्षात ठेवून जुनीच, तपासलेली पट्टी घ्या आणि लावल्यानंतर एक रात्र रॅम तपासणारे मेमटेस्ट हे साधन चालवून पाहा.

पैनगंगा

आवृत्ती २२-एच-२ च आहे. अटी आज वाचते. पट्टी जुनीच घेईन आणि मेमटेस्टचा निकाल येथे लिहीन.